मॅकफीच्या रानात बसवलेल्या मेंढ्या

मेंढी या विषयात मला काही शिकवू शकेल असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर जन्मलेला नाही, असं विमानात बसेपर्यंत माझं ठाम मत होतं. विमानातून उतरल्यावरही होतं! आमच्या घराण्यात पोर आधी मेंढरांत चालायला शिकतं आणि मग घरात. अशा माणसाला मेंढ्यांच्याच संशोधनासाठी स्कॉटलंडला बोलावलं, तर त्यात चुकण्यासारखं उरतंच काय? १९८७ साली हा प्रश्न मी अख्ख्या परभणीला विचारत फिरत होतो. उत्तर कोणालाच देता आलं नाही. ते पुढे मीच दिलं.

मी मुंजाजी, झरीच्या मल्हारी धनगराचा मुलगा. घराण्यात शाळेच्या पायऱ्या चढलेला पहिलाच. चढता चढता परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोचलो आणि मेंढ्यांच्या पोटातले जंत हा विषय घेऊन एम.व्ही.एस्सी.ला बसलो. आमचे पेडगावकर सर फार उमद्या मनाचे. स्कॉटलंडमधली एक संशोधन संस्था उन्हाळ्यात तीन महिने परदेशी विद्यार्थी घेते, असं त्यांना कळलं. त्यांनी माझं नाव धाडलं आणि काय आश्चर्य, मला बोलावणं आलं!

सरांनी मला खुर्चीवर बसवलं. एरवी ते उभं ठेवून बोलायचे.

"मुंजाजी, नीट ऐक. हे तीन महिने म्हणजे परीक्षा आहे. काम पसंत पडलं तर तिथल्या प्रमुख रीड बाई पुढच्या वर्षी तुला तिथंच पीएच.डी.ला घेणार. मला तसं कळवलंय त्यांनी. आणि घोळ घातलास, तर पुन्हा परभणीचं पोरगं त्या दारात उभं राहणार नाही."

"घोळ? मेंढ्यांच्या बाबतीत?" मी हसलोच. "सर, येलदरीच्या धरणावर मासे राखायला पाठवलं असतं तर गोष्ट वेगळी!"

सर हसले नाहीत. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

घरी सांगितलं, तर मायनं आधी रडून घेतलं आणि मग कशासाठी रडायचं ते विचारलं. आबा मात्र मुद्द्याचं बोलले.

"तितं जाऊन करणार काय?"

"लेंड्या तपासायच्या, आबा. लेंडीत जंताची किती अंडी हायत ते यंत्रातून बघून मोजायचं."

आबांनी समोरच्या कळपाकडं पाहिलं. मग कळपाखालच्या जमिनीकडं पाहिलं.

"अन् हितं लेंड्या कमी पडल्या व्हय?"

"तिकडची मेंढी येगळी असते, आबा."

"मेंढी येगळी आसल. लेंडी ती लेंडीच की!"

यावर विज्ञानाजवळही उत्तर नसावं. पण निघायच्या आदल्या दिवशी आबा माझ्याजवळ येऊन बसले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "मुंजा, मह्या बापाची जिंदगी मेंढरामागं गेली, मही बी गेली. थंडीत उघड्यावर निजून निजून पाठ मोडली बग. तू मोठा डागदर होऊन ये. घरातला एक तरी माणूस छपराखाली निजंल." मी त्यांना शब्द दिला. शब्द द्यायला काय लागतं!

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एस.टी. आगारातून हलत नव्हती. मग गावचे मोठे बागायतदार दिनकरराव यांनी स्वतःचा ट्रॅक्टर काढला आणि निम्मी झरी ट्रॉलीत बसून मला परभणीच्या स्टेशनवर पोचवायला आली. गाडी सुटताना दिनकरराव ओरडले, "गोऱ्याला दाखीव झरीचं पाणी!" मी खिडकीतून हात हलवून कबूल केलं.

आता गोष्ट पुढं नेण्याआधी आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. ती कळली नाही तर तुम्ही मला निव्वळ मूर्ख समजाल. कळल्यावरही समजालच, पण निदान कारण ठाऊक असेल.

पावसाळा सरला की आम्ही शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवतो. म्हणजे कळप रात्रभर शेतात मुक्कामाला ठेवायचा. लेंड्यांचं खत रानाला मिळतं आणि त्याबद्दल शेतकरी आम्हाला ज्वारी मोजून देतो. आज हा तुकडा, उद्या पुढचा तुकडा, असं करत सगळं रान खतवायचं. आमचं वर्षभराचं पोट या दाण्यांवर.

पण खरी खुबी आहे ती मागण्यात. मोठा शेतकरी धनगराला 'माझ्या रानात मेंढ्या बसव' असं तोंडानं कधीच म्हणत नाही. इज्जत जाते! दिनकररावच बघा. ते संध्याकाळी आमच्या कळपाजवळ येऊन उभे राहतात. आधी आभाळाकडं बघतात. मग पावसाचं काहीतरी बोलतात. मग मेंढ्यांकडं बघून म्हणतात, "जनावर बाकी झ्याक हाय तुजं." आणि शेवटी पायानं माती उकरत, जणू स्वतःशीच, "आमच्या रानात काई जीवच न्हाई राह्यला बग." आबा फक्त "व्हय" म्हणतात आणि तंबाखूची चंची पुढं करतात. दिनकररावांनी चिमूट उचलली की सौदा पक्का! दुसऱ्या दिवशी मेंढ्या त्यांच्या रानात. हे इशारे ओळखण्यात जो चुकला तो धनगर कसला?

तर मी स्कॉटलंडात पोचलो. हिरवं म्हणजे किती हिरवं असावं! डोळ्यांना त्रास व्हायला लागला. जिकडंतिकडं कुरणं, दगडी बांध आणि मेंढ्या. मेंढ्या आमच्यांपेक्षा दुप्पट, तोंडं काळी आणि स्वभाव शिष्ट. डॉक्टर रीड बाई उंच, किडकिडीत आणि बोलायला गोड. त्यांनी पहिल्याच दिवशी मला गमबूट दिले आणि प्रयोग समजावून सांगितला. मेंढ्यांचे दोन गट. एका गटाला जंताचं औषध, दुसऱ्याला नाही. दोघांची कुरणं वेगळी, मधे बांध. वर्षभर इकडची मेंढी तिकडं जाता कामा नये, कारण लेंडीतून अंडी पडतात, अंड्यांतून जंत होऊन गवतावर चढतात आणि गवतातून पुन्हा मेंढीच्या पोटात.

"आणि पुढच्या वर्षी," बाई म्हणाल्या, "खरं मोठं काम आहे. त्यासाठी एक स्वच्छ कुरण लागतं. ज्यावर दोन वर्षं एकही मेंढी चरलेली नाही, असं. ते मी मोठ्या मिनतवारीनं मिळवून ठेवलंय. तुझं काम चांगलं झालं, तर त्या कुरणावर पीएच.डी. तूच कर."

मला आनंदानं काही सुचेना. स्वच्छ कुरण! माझ्या डोळ्यांसमोर कुलूपबंद फाटकाआडचं, झाडून-पुसून ठेवलेलं एक कुरण आलं. ते कुठं आहे हे विचारावं असं मला वाटलं नाही. इतकी मोलाची वस्तू काय रस्त्याकडेला उघडी ठेवतील?

पहिले दोन महिने झकास गेले. सकाळी मेंढ्यांमागं पिशवी घेऊन फिरायचं, ताज्या लेंड्या गोळा करायच्या, दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. हात इतका बसला की बाई पाहुण्यांना बोलावून माझं काम दाखवू लागल्या. मी घरी लिहिलं, "माझे इथे उत्तम चालले आहे. इथले लोक माझ्या लेंड्यांवर फार खूश आहेत." ते पत्र दिनकररावांनी म्हणे मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं.

आणि मग मॅकफी आला.

मॅकफी म्हणजे शेजारचा शेतकरी. टोपी, पाइप आणि तोंडावर कायम कोणीतरी फसवल्यासारखा भाव. आमच्या कुरणाला लागूनच त्याचं रान होतं. चांगलं मोठं, पण त्यात जनावर म्हणून नाही. नुसतं गवत माजलेलं. एका संध्याकाळी मी बांधापाशी होतो, तर हा येऊन उभा राहिला. आधी त्यानं आभाळाकडं पाहिलं.

"पाऊस येणार," तो म्हणाला.

माझे कान टवकारले.

मग त्यानं आमच्या मेंढ्यांकडं पाहिलं. "मेंढ्या बऱ्या दिसतात तुमच्या."

माझ्या अंगावर काटा आला! आबांची शपथ, हुबेहूब दिनकरराव! मी श्वास रोखून वाट पाहत राहिलो. मॅकफीनं बुटाच्या टाचेनं स्वतःच्या रानातली माती उकरली, एक उसासा सोडला आणि म्हणाला, "दोन वर्षं झाली. एक जनावर उभं नाही या रानात. पाप आहे हे. जमीन मरून चाललीय."

"व्हय!" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

त्यानं खिशातून पाइप काढला, तंबाखू भरली आणि काडी आहे का म्हणून हातानं विचारलं. माझ्याजवळ होती. मी पुढं केली. त्यानं घेतली!

आता तुम्हीच सांगा, याउपर आणखी काय राहिलं होतं? सौदा पक्का! सात समुद्रापार एक खानदानी शेतकरी आपल्या रीतीनं मला मेंढ्या मागत होता आणि ते ओळखणारा उभ्या स्कॉटलंडात मी एकटा होतो. त्या रात्री अभिमानानं मला झोप लागली नाही.

तुम्ही म्हणाल, पण मेंढ्या रीड बाईंच्या. त्यांना विचारायला नको? विचारणारच होतो! पण बाई आणि त्यांची माणसं शुक्रवारी सकाळीच परिषदेला एडिंबराला गेली. जाताना सुरू गाडीच्या खिडकीतून बाई म्हणाल्या, "मुंजाजी, रविवारपर्यंत मेंढ्या तुझ्या हवाली." हवाली! आमच्यात ज्याच्या हवाली कळप, तो मालक. शिवाय मी विचार केला तो शास्त्रीयच होता. इकडची मेंढी तिकडच्या कुरणात न्यायची नाही, हे बरोबर. पण मॅकफीचं रान ना इकडचं ना तिकडचं. नियम कुठं मोडतोय? उलट शेजाऱ्याचं भलं होईल, संस्थेचं नाव होईल आणि बाई परत येऊन म्हणतील, हे आम्हाला इतकी वर्षं कसं सुचलं नाही!

शुक्रवारी संध्याकाळी मी मॅकफीचं फाटक उघडलं. तिथं उन्हाळ्यात संध्याकाळ संपतच नाही, त्यामुळं सगळं काम ऐन उजेडात झालं. संस्थेचं कुत्रं होतं, ते शिट्टीवर चालायचं. मला शिट्टी येत नाही. मी आपली आबांची हाळी घातली, "हुर्र, हा हा हा, हुर्रर्र!" कुत्रं घाबरून खोपटाखाली शिरलं ते सोमवारपर्यंत बाहेर आलं नाही. मेंढ्या मात्र माना वर करून माझ्याकडं बघत राहिल्या आणि मुकाट्यानं माझ्यामागं चालायला लागल्या. माझे डोळे भरून आले. भाषा वेगळी असेल, पण मेंढी ती मेंढीच!

औषधाचा गट नेला. मग बिनऔषधाचा गट बांधापलीकडून केविलवाणा ओरडायला लागला. त्यांना मागं ठेवणं बरं दिसेना. त्यांनाही नेलं. दोन महिने ताटातूट झालेल्या मेंढ्या एकमेकींना भेटल्या तेव्हा तर काय तो सोहळा! खालचा निम्मा तुकडा शुक्रवारी खतवला. शनिवारी वरचा निम्मा. काम अर्धवट ठेवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मॅकफी कुठंतरी बाजाराला गेला होता, त्यामुळं त्याला एकदम पाहून आनंद व्हावा असाच योग जुळून आला.

रविवारी सकाळी तो आला. प्रार्थनेहून थेट आला असावा, काळा कोट घातलेला. रानात मी उभा, भोवती मेंढ्या आणि हिरव्या गवतावर जिकडंतिकडं लेंड्याच लेंड्या. मॅकफीनं डोक्यावरची टोपी काढली. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. दिनकररावांनी आबांसमोर जन्मात कधी टोपी काढली नव्हती!

मग तो बांधावर मटकन बसला.

"असू द्या, असू द्या," मी इंग्रजीत म्हणालो. "शेजारधर्म आहे."

तो भडाभडा बोलायला लागला. एरवीच त्याचं बोलणं मला निम्मं कळायचं. त्यात हा असा उमाळ्यानं बोलायला लागल्यावर काय कळणार? मी नम्रपणे मान डोलावत राहिलो. मधेच तो दोन्ही हात आभाळाकडं करायचा. देवाची आठवण काढत असणार, रविवारच होता. शेवटी त्याचा चेहरा लालबुंद झाला, तो गाडीत बसला आणि भरधाव निघून गेला.

दाणे आणायला गेला, दुसरं काय! मी संस्थेच्या कोठीतून एक रिकामं पोतं शोधलं, झटकून उलटं केलं आणि फाटकापाशी उभा राहिलो. घेणार नव्हतो मी. पण माणूस देताना आपलं पोतं तयार असावं. तेवढी रीत पाळावी लागते.

दुपारी गाडी आली. तीत मॅकफी नव्हता. रीड बाई होत्या. परिषद अर्ध्यावर टाकून आल्या होत्या. स्तुती करायला इतकी घाई! मी पोतं लपवलं.

बाई फाटकापाशी उतरल्या आणि तिथंच थांबल्या. रानाकडं बघत राहिल्या.

"मुंजाजी," त्या अगदी हळू बोलल्या, "कोणत्या मेंढ्या आणल्यास इथं?"

"सगळ्या!" मी छाती काढून म्हणालो.

"दोन्ही गट?"

"दोन्ही! भेदभाव नको म्हणून."

"एकत्र?"

"एकत्रच. फार आनंदात होत्या."

बाईंनी रानाकडं बोट केलं. "आणि हे रान कोणतं, ते तुला माहीत आहे?"

"मॅकफी साहेबांचं."

"दोन वर्षं," बाई म्हणाल्या, "मी या माणसाच्या पाया पडत आले की इथं एकही मेंढी येऊ देऊ नको. तो रोज कुरकुरायचा, पाप आहे म्हणायचा, पण त्यानं शब्द पाळला. हे स्वच्छ कुरण आहे, मुंजाजी. हे तुझं कुरण होतं."

माझ्या पायांखालची जमीन सरकली असं लिहिणार होतो, पण जमीन होती तिथंच होती. तेच तर दुखणं होतं! तीच जमीन, माझी पीएच.डी.ची, आणि तिच्यावर मी स्वतःच्या हातानं, कोपरासुद्धा न सोडता, दोन दिवस जंत पेरले होते. चोरानं नेलं असतं तर चोराला शिव्या दिल्या असत्या. आगीत गेलं असतं तर नशिबाला दोष दिला असता. इथं दोष द्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कुत्रंसुद्धा निर्दोष सुटलं होतं! मला आबांची पाठ आठवली आणि मी तिथंच लेंड्यांमधे बसकण मारली.

सोमवारी पहाटेपासून मी पिशवी आणि झाडू घेऊन मॅकफीच्या रानात उतरलो. एकेक लेंडी वेचून काढायची आणि कुरण पुन्हा स्वच्छ करून दाखवायचं! तिकडं पाऊस सुरू झाला. लेंड्या विरघळायला लागल्या. मी आणखी जोरात वेचायला लागलो. मॅकफी बांधावर येऊन उभा राहिला आणि मग त्यानं घरातून मला चहा आणून दिला. इतकी कीव त्या माणसाला आयुष्यात कोणाची आली नसेल.

संध्याकाळी बाई छत्री घेऊन आल्या.

"मुंजाजी, अंडी गवतात उतरली आता. वेचून निघायची नाहीत."

"पण बाई, आणखी दोन दिवस दिलेत तर..."

"दोन वर्षं लागतील," बाई म्हणाल्या. "यंदाचा प्रयोगही गेला आणि पुढचाही. माझ्याजवळ आता तुला द्यायला काम नाही." आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक गोष्ट मात्र खरी. मेंढ्या तुझ्यामागं चालल्या तशा मी कोणामागं चालताना पाहिल्या नाहीत. तू फार चांगला मेंढपाळ आहेस."

कौतुकच होतं ते. पण तेवढं कौतुक तर मला झरीत फुकट मिळत होतं.

महिनाभर आधीच मी परत आलो. परभणीला उतरून आधी पेडगावकर सरांकडं गेलो. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"दोन्ही गट?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"एकत्र?"

"हो, सर."

सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "चहा घेतोस?" मी घेतला. माझ्या मागच्या वर्गात एक हुशार पोरगं होतं, आश्रुबा म्हणून. पुढच्या वर्षी स्कॉटलंडला जायची त्याची पाळी होती. ते दारातून डोकावून गेलं आणि मला वर बघवेना.

झरीला गुपचूप घरात शिरावं, आबांना एकटं गाठावं आणि काय ते सांगून टाकावं, असा माझा बेत होता. पण फाट्यावर उतरतो तोच हलगी! परभणीत मला कोणीतरी पाहिलं होतं आणि दिनकररावांनी अख्खा गाव जमवला होता. तीन महिन्यांचं काम आपल्या पोरानं दोन महिन्यांत उरकलं, असा गावानं हिशेब लावला होता. मी "अहो, तसं नाही..." म्हणेपर्यंत गळ्यात हार पडला आणि मला ओढत मारुतीच्या पारावर नेलं. पुढं खुर्चीवर आबा बसले होते. नवा फेटा बांधला होता. आबांना खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. खुर्चीच्या कडेला नुसते टेकले होते, पण चेहरा असा, जणू डागदर तेच झालेत.

"बोल, मुंजाजी!" दिनकरराव म्हणाले. "गोऱ्याच्या मुलखात काय काय केलंस, समद्यायला सांग!"

मी ठरवलं, आता लपवायचं नाही. सगळ्यांसमोर खरं बोलून मोकळं व्हायचं.

"मंडळी," मी म्हणालो, "खरं सांगायचं तर मी तिकडं काहीच केलं नाही. एका गोऱ्या शेतकऱ्याच्या रानात दोन दिवस मेंढ्या बसवल्या..."

पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं! "आरं बापरे, गोऱ्याच्या रानात!" "आपली रीत शिकिवली की त्यायला!" फेटे उडाले. मी हात वर करून करून सांगतोय, "अहो ऐका, त्यानं नुकसान झालं, फार मोठं नुकसान!" पण ऐकतं कोण? फक्त दिनकररावांचे कान माझ्याकडं होते. ते जरा पुढं झुकले.

"अन् दाणे? गोऱ्यानं दाणे काय भावानं देले?"

"कसले दाणे!" मी कळवळून म्हणालो. "एक दाणासुद्धा घेतला नाही मी!" माझी दशा किती वाईट झाली हे त्यांना कळावं म्हणून बोललो हो!

दिनकरराव ताडकन उभे राहिले. गाव शांत झाला.

"ऐकलं का, मंडळी? याला म्हंत्यात दिलदारी! सात समुद्रापल्याड, ना ओळखीचा ना पाळखीचा, तरी एक दाणा घेतला न्हाई पोरानं!" आणि ते सावकाश आबांकडं वळले. "मल्हारी, पोरगं गोऱ्याच्या रानात फुकट बसवायलंय, अन् तू आपल्या गावच्या मान्सायकून पायलीनं मोजून घ्यायलास? यंदा झरीत बी दिलदारीनंच होऊ दे की!"

सगळ्या बागायतदारांच्या माना एकदम डोलल्या. आबांनी माझ्याकडं पाहिलं. गळ्यात हार, गावाचा मान, समोर हलगीवाला. नाही कसं म्हणणार? आबांनी होकाराची मान हलवली आणि खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसले.

घरी जाताना वाटेत आम्ही दोघंच होतो.

"मोठा डागदर झालास का?"

"न्हाई, आबा."

"होणार हाईस का?"

"न्हाई."

"कामून?"

मी सगळं सांगितलं. मॅकफी, काडी, दोन्ही गट, स्वच्छ कुरण, काहीही लपवलं नाही. सांगता सांगता मला रडू कोसळलं. आबा ऐकत चालत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी त्या बाईचं काम नासलं. त्या मान्साचं रान नासलं. तुजं डागदरपन नासलं. अन् आता महं वरीस."

"व्हय, आबा."

"आरं, मंग दाणे तरी घ्यायचे की, लेका!"

दिवाळी झाल्यावर मेंढ्या दिनकररावांच्या रानात बसल्या. फुकट. आबांच्या पाठीला थंडी सोसेना, म्हणून राखणीला मीही होतो, घोंगडी पांघरून. एका संध्याकाळी दिनकरराव जिंतूरकडच्या व्याह्यांना रान दाखवायला घेऊन आले. माझ्याकडं बोट करून अभिमानानं म्हणाले, "ह्या मेंढ्या साध्यासुध्या मान्सानं न्हाई बसवल्या, इव्हाई. फारिनहून आलेलं मानूस हाय!"

व्याह्यांनी मला नीट न्याहाळलं. मग मेंढ्यांकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि पायानं माती उकरत मलाच विचारलं, "मग आमच्याकडचा काय भाव धरायचा, सायेब?"

मी तोंड उघडलं. त्याबरोबर आबांनी झपकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"त्याला काई इचारू नका, मालक," ते म्हणाले. "त्यो शिकलेला हाय."